निळ्या दिव्याची चोरी

"दिवा तूच घेतलास," डेंटिस्टकाका म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. आता तरी कबूल हो लेका."

"माझ्या जादूगाराला दिवा कशाला? तो बोटातून उजेड पाडतो," टेलरमास्तर म्हणाले. "चोर तुझा तो बुटका. वाटेतल्या दारांच्या कड्यासुद्धा सोडल्या नाहीत त्याने."

मुलीने चहाचे कप टेबलाच्या कडेला सरकवले. मधली जागा नकाशाची होती. चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं तळघर आणि त्यावर तिघा खेळाडूंच्या शिशाच्या तीन बाहुल्या. टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे आई. खेळ आई चालवायची. राक्षस तिचे, सापळे तिचे, कोण जगलं आणि कोण मेलं हेही तीच सांगायची. कुणाला गुपचूप काही करायचं असेल तर चिठ्ठी लिहून आडोशापलीकडे सरकवायची, हा पहिल्यापासूनचा नियम.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या खुर्चीत आज मुलगी बसली होती, पुढ्यात त्यांच्या गड्याचा, म्हणजे खेळातल्या त्यांच्या पात्राचा, कागद घेऊन. दोन्ही काकांचं ठरलेलं होतं, हा शेवटचा शनिवार. तिसरा माणूस गेला, आता खेळाचा डबा माळ्यावर टाकायचा. आई फोनवर "बरं" एवढंच म्हणाली होती. मग पुढचे चार दिवस तिने घरातलं एकही कपाट आवरायचं ठेवलं नव्हतं. मुलगी उद्या परत जाणार होती. त्यानंतर या घराची बेल वाजवायला एक दूधवालाच उरणार होता.

सुरुवात बरी झाली होती. जुन्या मोहिमा निघाल्या. मास्तर दलदलीत शिंकले आणि बेडकांचा राजा जागा झाला, ते निघालं. एका दगडी दारापुढे तिघं चार शनिवार मंत्र म्हणत बसले होते आणि दार नुसतं ओढायचं होतं, तेही निघालं.

"ढकलून पाहिलं होतं आम्ही," काका म्हणाले. "ओढायचं कुणाला सुचणार?"

"चार शनिवार मी त्या दाराच्या कडीचं वर्णन करत होते," आडोशामागून आई म्हणाली.

मग निळ्या दिव्याचा विषय निघाला. कोरड्या विहिरीच्या मोहिमेत तिघांनी ड्रॅगनच्या उशाचा दिवा पळवला, रात्री जंगलात मुक्काम केला, आणि सकाळी पाहतात तर पिशवीत दिवा नाही. तेव्हापासून हे दोघं एकमेकांना चोर म्हणत आले होते. ते खेळापुरतंही राहिलं नव्हतं. मास्तर दाढ दुखली तरी दोन बस बदलून दुसऱ्या डॉक्टरकडे जात, आणि काका पँट आखूड करायला नदीपलीकडे. बाबा मध्ये बसत म्हणून टेबल टिकलं होतं.

"आपल्यात संशय घ्यायची सोय नसलेला माणूस एकच होता," मास्तर म्हणाले.

बाबांचा गडी व्रतस्थ योद्धा होता. एकदा जरी खोटं बोलला तरी त्याच्या तलवारीचं तेज जाणार, असा नियम.

"पण त्याला आपण कधी विचारलंच नाही," काका म्हणाले.

"कसं विचारणार? अपमान झाला असता त्याचा."

"आज विचारू. डबा बंद व्हायच्या आत निकाल लागू दे एकदाचा." काका मुलीकडे वळले. "बाळा, बाबांच्या वतीने सांग. दिवा कुणी घेतला? आणि बघ हं, तुझ्या योद्ध्याला खोटं बोलता येत नाही."

मुलीने तो कागद कालच नीट वाचला होता. मागच्या बाजूला, गड्याच्या सामानाच्या यादीत, दोरखंड आणि मशालींच्या खाली, बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: निळा दिवा, घोंगडीत गुंडाळून.

माहीत नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण समोरचे दोघं म्हातारे असे बसले होते, जणू बाबाच बोलणार आहेत.

"बाबांनी घेतला," ती म्हणाली आणि कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला.

दोघांनी चष्मे चढवून वाचलं. झालं, मुलीला वाटलं. आता खेळ तर संपलाच, पण सहज म्हणूनसुद्धा कुणी या घरात पाऊल टाकणार नाही.

"शक्यच नाही," मास्तर हळूच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "दिवा माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे कसा असेल?" काका उठून उभेच राहिले. "माझ्याकडे आहे! मी वहिनींना चिठ्ठी दिली होती, सगळे झोपले की दिवा उचलतो म्हणून. वहिनींनी मान हलवली!"

"मलाही हलवली!" मास्तरही उठले.

तिघांनी आडोशाकडे पाहिलं.

आईने आडोसा आडवा केला. "तिघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी आल्या. एकाला हो म्हटलं असतं तर बाकीचे दोघं रुसले असते. तिघांना एकेक खोटा दिवा देऊन टाकला. सव्वीस वर्षांत एकानेही पेटवून पाहिला नाही."

"पेटवणार कसा? चोरीचा होता!" काका म्हणाले. "मग खरा कुठे गेला?"

"ड्रॅगन येऊन घेऊन गेला. तिघंही चोरीत गुंतलेले, पहाऱ्यावर होतं कोण?" आईने वीस बाजूंचा फासा मुलीच्या पुढ्यात सरकवला. "खाली बसा दोघं. ह्यांची पाळी आहे."