पहिल्या मॅचचा चेहरा

पाहुण्या टीमच्या जमारीच्या हातून दुसराही फ्री थ्रो हुकला आणि इंडियानातल्या त्या कॉलेजचा सगळा हॉल पिसाळला. खरं तर फ्री थ्रोला कुणी अडवत नाही, एकट्याने निवांत टाकायचा चेंडू. पण बास्केटच्या मागे पोरं काठीवर एक भलामोठा पुठ्ठ्याचा चेहरा नाचवत होती. पिवळी टोपी घातलेली हसरी बाई. पोरांचा म्होरक्या कोल, त्याने मार्कर घेऊन तिला मिशा काढलेल्या, दोन दात काळे केलेले.

काठी ब्रिनच्या हातात होती. सीझनच्या पहिल्या मॅचला पाहुण्या टीममधल्या कुणाच्या तरी घरचं माणूस शोधून नाचवायचं, आणि काठी यंदा आलेल्यांनी धरायची, अशी इथली रीत. फोटो तिनेच शोधला होता, जमारीच्या अकाउंटवरून. कोलने सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आल्यापासून मेसमध्ये एकटी जेवणारी ब्रिन आज पहिल्यांदा कुणाच्या तरी घोळक्यात होती.

टाइमआउट झाला. घरच्या टीमचा कॅप्टन डेशॉन घाम पुसत कठड्याशी आला.

"खाली घ्या ते. त्याची आई आहे. ऑगस्टमध्ये गेली. मी होतो मातीला."

ब्रिनने कोलकडे बघितलं. तो नाचो चघळत होता.

"दोन्ही हुकले ना? मग? तू तुझं खेळ की बाबा."

 शिट्टी वाजली तेव्हा डेशॉन खेळायला परत गेला.

मागून एकजण म्हणाला, मेली ते आपल्याला काय माहीत. दुसरा म्हणाला, आता माहीत झालं ना, आता तर अजून चालेल. हसले सगळे. त्यांच्या तोंडाचा चीजचा वास ब्रिनच्या मानेवर आला. 

जमारी परत रेषेवर आला. वर न बघता चेंडू आपटत राहिला. कोलने कोपर मारलं.

"उचल गं."

ब्रिनने चेहरा काठीवरून ओढून काढला आणि उलटा करून छातीशी धरला. कोल चिडला पण नाही. वाकून त्याने खुर्चीखाली हात घातला.

"असू दे. आम्ही दरवर्षी दोन छापतो."

दुसरा चेहरा वर गेला. याला शिंगं होती.

ब्रिनला निघायचं होतं, पण दोन्हीकडून पोरं उड्या मारत होती. हातातला चेहरा निदान नीट कुठेतरी ठेवावा म्हणून तिने खाली पाहिलं. सांडलेला कोक, तुडवलेले पॉपकॉर्न, च्युइंगम, थुंकी. वीतभर कोरडी जागा नव्हती.