वरचं तळं

बंद पडलेल्या खाणीत वीज साठवायची म्हणून कंपनीचा इंजिनीअर बाबल्याच्या पडवीत चहा प्यायला यायला लागला, आणि त्याच्या थोरल्या भावाच्या पोटात दुखायला लागलं. वाटणीच्या वेळी ती खोल खाण आत्मारामनेच धाकट्याच्या गळ्यात मारली होती आणि काजूची चार झाडं आहेत म्हणून वरचा सडा, खाणीच्या डोक्यावरचं ते कातळाचं माळ, स्वतःला ठेवला होता.

"खाण मला दे, सडा तू घे," एक दिवस तो जाऊन म्हणाला. "थोरला मी आहे."

"घे रे दादा. मला दोन्ही सारखंच."

बाबल्या पुढे फिरेल म्हणून आत्मारामने गुरवाला बोलावलं, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि अदलाबदल पक्की केली. देवासमोरचा शब्द आता कोणाचा बाप मोडणार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी इंजिनीअर त्याच्या पडवीत आला. आत्मारामने बायकोला, काशीला, दुधाचा चहा टाकायला सांगितलं.

"नुसती खाण असून भागत नाही, काका," इंजिनीअर समजावू लागला. "दिवसा उन्हाच्या विजेवर खाणीतलं पाणी सड्यावर बांधायच्या तळ्यात चढवायचं. संध्याकाळी तेच खाली खाणीत सोडायचं, की वीज तयार. त्यामुळे तुम्हा दोघांना अगदी सारखाच मोबदला."

आत्मारामने मान वर करून सड्याकडे पाहिलं. हातातला चहा निवत चालला होता.

"म्हणजे पाणी दिवसभर बाबल्याकडे," तो म्हणाला, "आणि त्याने टाकलेलं मी झेलायचं?"