देवदार आणि कस्तूर

गोठवलेल्या बीपासून उगवलेला देवदार कुणी न शिकवता सरळ वाढला. त्याच प्रयोगशाळेत एका पेशीपासून जन्मलेला कस्तूर पक्षी मात्र मुका होता, कारण कस्तूर गाणं बापाकडून शिकतो आणि त्याची जात तर कधीच नामशेष झाली होती. ते गाणं आठवणारे एकटेच उरले होते, तरुणपणी कुलूच्या छावणीत राहिलेले सुभेदार नाना शेलार. थंडीत खोकत खोकत ते हिवाळाभर पिंजऱ्यापाशी शीळ घालत राहिले.

"नाना, आता पुरे," संशोधक इरा म्हणायची.

"पोरगं शिकलं की बसतो गप्प."

नाना गेल्यावर दोन महिन्यांनी इराने त्यांच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, देवदाराखाली आणलं. मोकळा सोडलेला कस्तूर शेंड्यावरून गायला. शीळ अचूक होती. संपताना तो खोकला.

"मी म्हणत होते ना, मफलर बांधा," वर बघत सुलोचनाबाई म्हणाल्या.