हाताचं माप

चिमाबाईनं हात पुढं केला, आणि कासारीण त्यात हिरव्याकंच बांगड्या भरायला लागली. ओसरीवर चहा पीत बसलेल्या केराबाईनं कपबशी खाली आदळली.

"चिमे, डोकं फिरलं काय तुजं? दाजींना जाऊन चार वर्सं झाली की!"

"व्हय, धनी गेलं. हात हाय की अजून." चिमाबाईनं मनगट वळवून बघितलं. "गेल्या साली आमच्या गल्लीतल्या समद्या रांडमुंड बायका एका जागी बसलो आन् ठरवलं. आता भरतो आमी."

केराबाई सोलापुरातनं सांगोल्याला, या लहानपणीच्या मैत्रिणीकडं, चार दिवस विसाव्याला आली होती. गुडघ्याला तेल, पुढ्यात गरम भाकरी, उन्हं वर येईस्तोवर झोप. घरी तिच्या एका हाकेला सगळं घर चळचळ कापायचं. इथं आज पहिल्यांदा आवाज चढला, तर कुणी दचकलंसुद्धा नाही. पुढं काय करायचं असतं, ते तिला सुचेना.

"या मावशी, तुमी बसा आता," कासारीण म्हणाली.

"मी? तोंड सांबाळ बाई. बारा वर्सं काच न्हाय माज्या हातात."

चिमाबाईनं तिचा हात धरून सरळ ओढला. कासारणीनं तो चोळला, अंगठा आत दाबला आणि बांगडी सरकवली. एक. दोन. चार. केराबाई दोघींना शिव्या घालत होती, पण हात काही मागं घेत नव्हती. का घेत नव्हती, ते तिचं तिलाच उमगेना. सहा झाल्यावर तिनं हात हलवून बघितला. किणकिण झाली तसा चटकन पदराखाली घेतला. थोड्या वेळानं परत बाहेर काढला.

"घरी कुनाला न्यायच्या?" कासारणीनं विचारलं.

"दोन नाती हायत. लहान दे, नक्षीच्या."

"आन् सुनंला?"

केराबाई हातातल्या बांगड्या मागं सारायला लागली. सून वैजयंती, चौतीस वर्षांची. दोन वर्षांमागं थोरला लेक गेला, तेव्हा बाकीच्या बायका नुसत्याच रडत बसल्या, म्हणून केराबाईनंच सुनेचे हात पाट्यावर धरून काच फोडली होती. एकटीनं.

तिनं चिमाबाईकडं बघितलं. चिमाबाई आपल्या बांगड्या सारख्या करत होती. चार शब्द टाकून बोलली असती, तर उलट आठ देता आले असते.

"दे," केराबाई शेवटी पुटपुटली. "हिरव्याच दे."

"माप सांगा की. सव्वादोन का अडीच?"

चौदा वर्षं त्या हातची भाकरी खाल्ली होती. केराबाई हात आठवायला गेली, तर डोळ्यांपुढं पाटाच येत होता. तिनं फोन लावला.

"वैजे, तुजा हात केवढा गं?"

पलीकडं भांडी घासायचा आवाज चालला होता, तो थांबला.

"बोल की! हात केवढा तुजा?"

"आत्या," वैजयंती हळूच म्हणाली, "काय चुकलं का माजं?"

साऱ्या गल्लीचं तोंड बंद करणाऱ्या केराबाईनं फोन कानाला तसाच ठेवून बांगड्यांचा हात पदराखाली घेतला. कासारीण चार बोटांवर अडीचच्या बांगड्या घेऊन वाट बघत होती.