वळणावरची कू-ई

आमच्या ब्लू माउंटन्सच्या वाटांवर कुणी मागे राहिलं की "कू-ई" अशी लांब हाक घालायची आणि त्यानं तशीच ओ द्यायची. माझा नवरा क्लाइव्ह बुटाची नाडी बांधायला वळणावर थांबला. नेहमीचंच त्याचं. मी पुढे जाऊन हाक घातली. खालून ओ आली.

मी खडकावर बसून दोन कपांत चहा ओतला.

"कुणाला हाका मारतेयस, नेरिडा?"

क्लाइव्ह वरून उतरत होता.

"तू वर कसा? वाट तर एकच आहे!"

"आधी चहा दे. सिडनीची गाडी चुकवायचीय का?"

त्याच्या बुटाची नाडी सुटलेलीच होती.

तेवढ्यात खालून क्लाइव्हचाच दमलेला आवाज आला, "कू-ई! नेरिडा, ओ दे ना गं!"

समोरच्यानं माझं मनगट धरलं.

"देऊ नकोस," तो हळूच म्हणाला.