मोतीरामची पोर

“पाचच्या आत कागद गेला नाही, तर माझी मेडिकलची सीट गेली, आजोबा. दोनदा मुदत चुकलीय. आता कोणी थांबत नाही.”

जंगू सिडाम दारातच उभा राहिला. गाडीतून उतरून आजोबा म्हणणारी ही पोर त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

“तू कोणाची गं?”

“मोतीरामची. तुमच्या मुलाची.” तिनं हातातल्या कागदात बघून सांगितलं. गावच्या शाळेतल्या जुन्या दाखल्याची नक्कल होती ती. “मी श्रेया. आदिवासींच्या राखीव जागेवर नंबर लागलाय. वंशावळीच्या कागदावर तुमचा अंगठा लागतो.”

जंगूनं खाट झटकली. बायको गेल्यापासून सहा वर्षांत त्या खाटेवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. दीड वाजून गेला होता, तालुका दोन तासांवर. पण म्हातारा हलेल तर शपथ.

“आधी जेव. भाकर अन् अंबाडीची भाजी आहे.”

“आजोबा, उशीर होईल.”

“नात उपाशी गेली तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल.”

ती जेवायला बसली. जंगू समोर बसून बघत राहिला. त्याला फार बरं वाटत होतं.

“तुझा बाप खातो का अंबाडी?”

“हो, खूप,” ती मान खाली घालून म्हणाली.

“लहानपणी थुंकून टाकायचा. बरं झालं, सुधारला.”

कचेरीत पोचायला साडेचार झाले. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

“बाबा, ही नात का तुमची?”

“नाहीतर काय तुझी?” म्हातारा खेकसला. बाकीचे कारकून हसले. जंगूनं तीन ठिकाणी अंगठा उठवला.

पाचला दहा कमी असताना कागद जमा झाला. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून पाया पडली आणि गाडीत बसली. तिला तशीच पुढं जायची घाई होती. जंगू एस्टीनं एकटाच परतला.

फाट्यावर शेजारचा रामशाव कोवे भेटला.

“गाडी आली होती म्हणे तुझ्याकडे. कोण होतं?”

“नात. मोतीरामची पोर. डॉक्टर होणार आहे.”

रामशाव चालता चालता थांबला.

“जंगू, अरे, तुझा मोतीराम पहिलीत असतानाच तापानं गेला. त्याला मातीत ठेवायला मी होतो ना तुझ्यासोबत.”

“होतास की,” जंगू म्हणाला. “पण ही दिवाळीला येते म्हणालीय.”