कोरा रकाना

नोंदणीचा शेवटचा दिवस होता. ईश्वरी धायगुडेच्या पडद्यावर प्रत्येक विषयापुढे तिला वर्षअखेरीस मिळणारी श्रेणी आधीच झळकत होती. विद्यापीठाच्या सल्लागार यंत्रणेचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यामुळे ‘स्कोरिंग विषय कुठला?’ असं हल्ली सीनिअर्सना कुणी विचारतच नव्हतं.

एकाच विषयापुढचा रकाना कोरा होता. दगडफुलांचा अभ्यास.

ती समुपदेशक घोलप सरांकडे गेली. “सर, यंत्रणा बिघडलीय का?”

“बिघडली नाही गं. सुरुवातीला तिने या विषयाला सगळ्यांनाच कमी श्रेणी दाखवली, म्हणून कुणी तो घेतला नाही. कुणी घेतला नाही म्हणून नवा डेटा नाही, आणि जुना कधीच बाद झाला. आता तिला काही सांगताच येत नाही. तू या भानगडीत पडू नकोस. नापास झालीस तर शिष्यवृत्ती जाईल.”

ईश्वरीने तोच विषय घेतला.

वर्गात ती एकटीच होती. सबनीस मॅडमनी मसाल्याच्या पुडीतलं दगडफूल भिंगाखाली ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. करड्या पापुद्र्यावर हळूहळू हिरवट झाक पसरली.

“मॅडम, मी यात पास होईन का?” भिंगातून नजर न काढता ईश्वरीने विचारलं.

“मला काय माहीत? बघू की.”

ईश्वरीने मान वर केली. शाळेत पाऊल ठेवल्यापासून असं उत्तर तिला कुणीच दिलं नव्हतं. ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.